कुठला मणका

न्यू लिन, ऑकलंड
१४ मार्च २०१५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी मी फोनवर घसा ताणून "ॲडमिशन मिळाली" म्हणत होते आणि तू विचारत होतीस, "ऑपरेशन? कुणाचं?" शेवटी रमण म्हणाला, "अगं, शेजारी पोलीस बोलावतील. तू त्यांना सरळ पत्र लिही." म्हणून लिहितेय. कानातलं मशीन तू कपाटात ठेवून देतेस हे मला जगदीशकडून कळलंय. तो तुझा शेजारी असला तरी हेर माझा आहे.

तर बातमी अशी, की मला नर्सिंगच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. इथे येऊन बिझनेसचा डिप्लोमा केला, त्याचा उपयोग एवढाच झाला की इथे राहता आलं. मागच्या वर्षी रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहायची परवानगी, आली तेव्हाच ठरवलं होतं, पण अर्ज मंजूर होईपर्यंत तुला सांगायचं नव्हतं. बारावीनंतर मी नर्सिंगचं नाव काढलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "घरात एक नर्स झाली तेवढी पुरे." तू मागे उभी राहून माझी वेणी घालत होतीस. तू फक्त वेणी जरा घट्ट ओढलीस. बाबा गेले, आता कुणाला वाईट वाटायचं राहिलं नाही.

तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. हो, बराचसा अभ्यास ऑनलाइन आहे. लेक्चरं लॅपटॉपवर, निबंध लॅपटॉपवर, चर्चासुद्धा लॅपटॉपवर. तू म्हणशील, पेशंट काय कॉम्प्युटरमधून बाहेर येतो का? नाही येत. त्यासाठी अधूनमधून कॉलेजात जाऊन बाहुल्यांवर सराव करायचा आणि मग हॉस्पिटलात प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष वॉर्डात काम. सगळ्यात शेवटी एक मोठं प्लेसमेंट असतं. ते पार पडलं की परीक्षा आणि मग रजिस्टर्ड नर्स.

नोकरी सोडलेली नाही. हेन्डरसनच्या रेस्ट होममध्ये दुपारची पाळी करते. इथल्या म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. आम्हाला केअरगिव्हर म्हणतात. औषधाला हात लावायची परवानगी नाही, ते नर्सचं काम. सकाळी सिद्धीला डेकेअरला सोडते आणि तिथेच बाहेर गाडीत बसून लेक्चर ऐकते. घरी गेलं की भांडी दिसतात. रमण माउंट वेलिंग्टनला कामाला जातो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तो येईपर्यंत अर्धा मेलेला असतो. सिद्धी आम्हा दोघांनाही नमस्काराऐवजी इथलं माओरी "किआ ओरा" म्हणते आणि मराठीत काही विचारलं की "नो" म्हणते.

आमच्याकडे टोनी नावाचे एक आजोबा आहेत. दारात मावणार नाहीत एवढे धिप्पाड. त्यांचे वडील युरोपातून इथे आले आणि हेन्डरसनला द्राक्षाचा मळा केला. आता त्या जागेवर घरं झालीत. मी त्यांना तासगावची द्राक्षं सांगितली, बेदाणा कसा करतात ते सांगितलं, तर म्हणाले, "वाळवून टाकता? वाइन करायची सोडून?" दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मला ते "सॅम" म्हणतात. संपदा म्हणायला दम लागतो म्हणे.

खरं सांगू का, पहिल्याच आठवड्यात रडले. वर्गातल्या मुली विशीतल्या, भराभर टाइप करतात. पण तुझी पांढरी साडी, दोरीवर निथळणारी, डोळ्यासमोर आणते आणि पुन्हा बसते.

पाय शेकत जा. आणि मशीन कानात घाल.

तुझी लाडकी आणि आता विद्यार्थिनी,
संपदा


न्यू लिन
६ ऑगस्ट २०१७

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. अक्षर वाकडं आलंय तेही समजून घे. इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय. बसून बसून कंटाळा आला की असं करते.

इथे थंडी फार आहे. पुण्यामिरजेसारखी कोरडी नाही, ओली. भिंतींना बुरशी धरते, कपडे वाळत नाहीत. सिद्धी शाळेत अनवाणी जाते, इथली सगळीच मुलं जातात. तिला चपला घाल म्हटलं तर म्हणते, "मम्मा, नोबडी वेअर्स जँडल्स इन विंटर." मग घाल बूट, तर तेही नको.

तुझा पासपोर्ट आल्याचं वाचलं. जगदीशनं फोटो पाठवला होता. फोटोत तू अशी बघतेयस जणू समोरच्या माणसानं ताप मोजून घेतला नाही. मला हसू आलं. मग बराच वेळ तो फोटो बघत राहिले. तू साडीही घेऊन ठेवलीस म्हणे पदवीदानाला नेसायला. एवढी घाई कशाला केलीस?

तारीख अजून ठरलेली नाही. थिअरीचे सगळे विषय सुटले, चांगल्या मार्कांनी सुटले. मागच्या वर्षी मेडिकल वॉर्डला प्लेसमेंट झालं त्याबद्दल तुला लिहिलं होतंच. तिथे एका बाईनं "नर्स" अशी हाक मारली आणि मी मागे वळून पाहिलं, कोण नर्स म्हणून. मलाच मारली होती. आता शेवटचं तेवढं प्लेसमेंट राहिलंय. ते जरा पुढे गेलंय. होतं असं कधीकधी.

रेस्ट होममधून सध्या सुट्टी घेतली आहे. आराम करते. रमण हल्ली पोळ्या करतो. पहिल्या आठवड्यात त्यांचे पापड झाले, आता जमायला लागल्यात. सिद्धीनं स्वयंपाकघरात एक स्टूल आणून ठेवलंय. तिला काही हवं असलं की स्वतः चढून घेते. मोठी झाली. मी तिला उचलत नाही आता.

टोनी आजोबा गेले. जूनमध्ये. न्युमोनिया झाला होता. तू नेहमी त्यांच्याबद्दल विचारतेस म्हणून कळवते. अंत्यविधीला मला जायला जमलं नाही.

अजून काय लिहू? श्रावण सुरू झाला असेल तिकडे. इथे कळतही नाही. हेन्डरसनच्या दुकानात अळूची पानं मिळाली होती, रमणनं आणली, पण वड्या करायला फार वेळ वाकून उभं राहावं लागतं. तशीच सुकली.

एक विचारायचं होतं. तुमच्या वेळी, म्हणजे तू इन्चार्ज होतीस तेव्हा, एखाद्या सिस्टरला पाठीचं दुखणं लागलं तर तिला कुठलं काम द्यायचे? म्हणजे वॉर्डात ठेवायचे की आणखी कुठे? का घरी बसवायचे? सहज विचारतेय. अभ्यासात आलं होतं.

प्रकृतीला जप. माझी काळजी करू नकोस, काही कारण नाही.

तुझी,
संपदा


न्यू लिन
१९ नोव्हेंबर २०१७

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

मी चार पानं लिहिली होती. थंडी, बुरशी, पोळ्या, अळू. तुझं उत्तर आलं ते एका ओळीचं. "कुठला मणका ते कळव."

रमणनं पाकीट फोडून वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी उभ्या उभ्या रडले. मला वाटलं होतं मी फार हुशारीनं विचारलंय.

कमरेचा. चौथा आणि पाचवा, त्यांच्यामधली गादी सरकली. शीर दबली. ऑगस्टच्या शेवटी ऑपरेशन झालं. डावं पाऊल नीट उचलत नाही, अंगठ्याला स्पर्श कळत नाही. बसलं की कळ मांडीतून खाली उतरते, म्हणून उभी असते किंवा आडवी. तुला एवढं पुरे आहे, बाकीचं तू स्वतःच समजशील. पण कसं झालं ते सांगितलं पाहिजे.

मे महिन्यातली दुपार. टोनी आजोबांना बाथरूमला जायचं होतं. त्यांना उठवायला दोघीजणी लागतात, तसा नियमच आहे. माझ्याबरोबरची मुलगी पलीकडच्या खोलीत कुणाची तरी घंटा वाजली म्हणून गेली होती. मी म्हटलं, "टोनी, थांबा हं, ती येतेच आहे." ते म्हणाले, "सॅम, मी बाळ आहे का?" आणि खुर्चीचे हात धरून उठले. उभे राहिले, माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. आणि गुडघे गेले.

आत्या, पडणाऱ्या पेशंटला धरायचं नसतं. त्याला आपल्या अंगावरून सावकाश जमिनीवर उतरू द्यायचं, डोकं तेवढं सांभाळायचं. हे तूही मला सांगितलेलंस आणि पहिल्याच वर्षी मी यावर निबंध लिहिला होता. शिक्षिकेनं खाली लिहिलं होतं, उत्तम. आणि समोर एवढा मोठा माणूस खाली येताना दिसला तेव्हा मी दोन्ही हात पसरून त्याला धरलं. पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. आवाज आला की मला तसं वाटलं, माहीत नाही. आम्ही दोघंही भिंतीला घासत खाली बसलो. ते माझ्या मांडीवर. ते सारखे म्हणत होते, "सॉरी, गर्ल. सॉरी." त्यांना खरचटलंही नव्हतं.

नंतर काही आठवड्यांतच ते छाती भरून गेले. म्हणजे मी धरलं नसतं तरी...

हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

सुरुवातीला वाटलं, महिनाभरात उभी राहीन. प्लेसमेंट एकदा पुढे ढकलून मिळालं. तेव्हाच तुला ते मागचं पत्र लिहिलं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चालाल, घरकाम कराल, पण उचलणं, वाकणं, माणसाचा भार घेणं कायमचं बंद. मी विचारलं, कायमचं म्हणजे किती? ते तरुण होते. त्यांनी आधी परिचारिकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कायमचं," म्हणाले.

मग कॉलेजची मीटिंग झाली. तीही लॅपटॉपवरच. कोऑर्डिनेटर बाई फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, "संपदा, तू हीप्स केलंस, आम्हाला तुझा अभिमान आहे." हीप्स म्हणजे पुष्कळ. मग म्हणाल्या, तंदुरुस्तीचा दाखला नसेल तर वॉर्डात पाठवता येत नाही, आणि शेवटचं प्लेसमेंट नसेल तर नर्सिंगची डिग्री देता येत नाही. त्यांचं चुकलं नाही. मी इन्चार्ज असते तर माझ्यासारखीला वॉर्डात घेतलं नसतं. मी उभी राहून ऐकत होते, त्यामुळे पडद्यावर माझं फक्त पोट दिसत असणार. बाईंनी दोनदा विचारलं, "आर यू देअर?"

त्यांनी एक वाट सुचवली. माझे सुटलेले विषय मोजून दुसरी एक डिग्री मिळेल. आरोग्यशास्त्राची, साधी. कागद मिळेल, पुढच्या वर्षी समारंभात नाव पुकारतील, काळा गाऊन, चौकोनी टोपी. फक्त त्यानं नर्स होता येत नाही.

आता जे सांगणार आहे त्याबद्दल रमणवर रागावू नकोस. तो तुझ्यावर माया करतो. रविवारी त्यानं चहा केला आणि माझ्यासमोर उभा राहिला. घरात मी उभी असते म्हणून आता तोही बसत नाही.

"आत्यांना येऊ दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"समारंभाला. गाऊन तोच, टोपी तीच. इंग्रजीत नाव पुकारतील, त्यांना ऐकूही येणार नाही. सत्तरी उलटलेलं माणूस, पासपोर्ट काढून बसलंय. एक फोटो काढू तिघींचा. बघून खूश होऊन परत जातील."

"आणि मी नर्स झाले असं सांगायचं?"

"सांगायचं काहीच नाही. त्या समजतील ते समजतील."

मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. हे तुला कळायला हवं. मी कितीतरी दिवस त्या विचारात होते. विमानतळावर तुला घ्यायला जाऊ, तुला थंडी वाजेल म्हणून माझा कोट नेऊ, इथपर्यंत ठरवलं होतं. सिद्धीला सांगितलं, आत्याआजी येणार. ती म्हणाली, "इज शी द रिअल नर्स?" तिनं कशावरून तसं म्हटलं कुणास ठाऊक, मुलं बोलतात. पण मला कळलं की तू गाडीत बसल्या बसल्या पहिलं विचारशील, "कुठला वॉर्ड मिळाला?" आणि मी काय सांगू? एखाद्या वॉर्डाचं नाव घ्यायचं, मग पाळी कुठली ते सांगायचं, मग तिथली इन्चार्ज कशी आहे ते. तुझ्यासमोर मला ते जमलं नसतं. माझं पाऊल बघूनच तू ओळखलं असतंस.

तर, आत्या, येऊ नकोस. मी ती डिग्रीही घेणार नाही. बाईंना कळवलं. रमण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पोळ्या मात्र केल्या.

रेस्ट होमनं मला काढलं नाही. आठवड्यातून दोन दुपारी जाते. पेपर वाचून दाखवते, बिंगोचे आकडे पुकारते. सगळ्यांना वाटतं चांगली सोय झाली. मागच्या आठवड्यात जॉइस म्हणून एक आजी खुर्चीतून हळूहळू घसरायला लागल्या. मी त्यांच्या अगदी जवळ होते. हात पुढे केला आणि नर्स दारातून ओरडली, "सॅम, तू नको!" मी घंटेचं बटण दाबून धरलं आणि उभी राहिले. आजी घसरत घसरत जमिनीवर आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दोघीजणी धावत येऊन त्यांना उचलेपर्यंत मी तशीच उभी. त्यांना काही लागलं नाही. नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "यू डिड द राइट थिंग. स्वीट ॲज." हे इथे सगळं ठीक आहे अशा अर्थानं म्हणतात.

इथले लोक विचारतात, पुन्हा तशी वेळ आली तर टोनीला धरशील का? त्यांना हवं ते उत्तर मला माहीत आहे. मी हसून तेच देते. खरं तुला सांगते. नाही धरणार. पडू देईन. मला त्या म्हाताऱ्याचा राग येतो, आत्या. आमच्याकडची द्राक्षं रोज नव्यानं ऐकणाऱ्या, मला सॉरी म्हणत मेलेल्या माणसाचा राग. अंत्यविधीला जायला जमलं नाही असं मी लिहिलं होतं. रमण गाडीनं नेणार होता, चर्च दहा मिनिटांवर होतं. मीच गेले नाही. त्यांच्या मुलीनं फुलं पाठवली माझ्या नावानं, "बाबांना झेललंत" म्हणून. ती मी कचऱ्यात टाकली. पाठ गेली ते एक वेळ सोसेन. पण असं मन घेऊन मी नर्स झाले असते का, हे रोज विचारते, आणि आता ते कळायचीही काही सोय राहिली नाही.

मिरजेत कुणी विचारलं तर जे खरं आहे ते सांग, किंवा काही सांगू नकोस. साडी ठेवून देऊ नकोस, दिवाळीला नेसली नसशील तर आता नेस.

आणि एक मागणं आहे. उत्तरात "बरी होशील" असं लिहू नकोस. ते सगळे लिहितात. वॉर्डात तू नातेवाइकांना बाजूला घेऊन जे असेल ते सांगायचीस, आवाज न चढवता, आणि ती माणसं कशी का होईना पण आपल्या पायांनी घरी जायची. मला तसं सांग. कळ कधी कमी होते, पाऊल परत येतं की नाही, नाही येत तर तशा बायका पुढे दिवस कसे काढतात. मी तुझी भाची आहे हे थोडा वेळ विसर.

रमणनं हाक मारली, कागद संपत आलाय.

तुझ्या वॉर्डातली,
संपदा